साठ पानांचं नाटक, अकरा कागदांत

दार उघडलं आणि आतल्या मुलीनं माझ्या हातांकडं बघितलं. तोंडाकडं नाही, हातांकडं. हात रिकामे होते.

"पुडे कुठायत?" तिनं विचारलं.

मी उचगावचा महादेव. मच्छेच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होतो. त्या दिवशी मारुतीराव गुरुजींच्या घरी नाटकाच्या प्रती मागायला आलो होतो. आमच्या गावच्या यात्रेत दर वर्षी नाटक असतं. त्या वर्षीचं गुरुजींनीच लिहिलं होतं आणि तेच बसवणार होते. मी कशाला आलोय हे सरळ सांगायचं होतं. पण तिनं केस वर गुंडाळून त्यात बॉलपेन खोचलं होतं, उजव्या हाताचं बोट शाईनं काळं झालं होतं, आणि... मी विसरलो.

"कागदाचे पुडे हो. मामांनी पाच सांगितलेत, दोन दिवस झाले. तुम्ही दुकानातलेच न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही.

"मग आणा की. उभं काय ऱ्हायलासा?"

आणायला गेलो. खिशात होतं त्यात शंभर कागदांचा एकच पुडा आला. तो घेऊन परत आलो तेव्हा ती दारातच थांबली होती.

"पाच सांगितले, आणि एक?"

"माल आला न्हाय."

"कधी येणार?"

"काय सांगता येत न्हाय."

"नाटक साठ पानांचं. प्रती पायजेत नऊ. शंभर कागदांत मी काय करू, तुम्हीच सांगा."

"बारीक काढा," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.

ती ऋतिका, गुरुजींची निपाणीची भाची. बी.कॉम. झाली होती आणि दीड महिन्यासाठी मामाकडं आली होती. गुरुजींची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर घरातच राहिला होता. त्यावर ऋतिकानं मामाची आख्खी वही टाइप केली होती. मी जाता जाता बोललेलं "बारीक काढा" तिनं पैज लागल्यासारखं मनावर घेतलं. पान आडवं केलं. त्यात तीन रकाने पाडले. अक्षर मुंगीएवढं केलं, ओळींमधली जागा काढून टाकली, आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलं. साठ पानांचं नाटक अकरा कागदांत बसलं. नऊ प्रतींना नव्व्याण्णव कागद लागले. एक उरला, तो तिनं मामाला परत दिला.

दोन दिवसांनी पहिली पाळी सुटल्यावर मी तालमीला गेलो. आमची तालीम मंडळाच्या हॉलमध्ये, दुपारी चारला. मी नाटकात काम करत नाही. मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं आणि ज्याला वाक्य आठवत नाही त्याला हळू आवाजात सांगायचं.

आमचा नायक युवराज. दिसायला उंचपुरा, पाठांतरात शून्य. विंगेतून येईल ते बोलायचं एवढंच त्याला ठाऊक. मागच्या वर्षी मी शेजारच्याला "जरा सरका" म्हणालो, तर हा भर प्रवेशात नायिकेला म्हणाला, "जरा सरका."

पहिला प्रवेश बापाच्या मरणाचा. बाप म्हणजे रवळूआप्पा. खाटेवर पडून मरायचं काम ते बारा वर्षं करत होते. मी कागद डोळ्यांजवळ धरला. तीन रकाने, त्यांच्यामध्ये रेघ नाही. आयुष्यात वाचलं ते असं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तसंच वाचलं. पहिल्या रकान्यात बाप मरत होता आणि दुसऱ्यात म्हशीचा सौदा चालला होता.

युवराज खाटेजवळ गुडघे टेकून रडत म्हणाला, "बाबा, डोळे उघडा. तुमच्याशिवाय या घरात... दोन वेळचं मिळून सात लिटर."

"आता तोंड उघडा," युवराज हुंदका देत पुढं म्हणाला, "दात बघू द्या."

रवळूआप्पा उठूनच बसले. "व्यालोय किती वेळा ते पण इचार की रं."

हसून हसून तालीम थांबली. गुरुजी कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात विंगेचा पडदा सरकला आणि बॉलपेन खोचलेलं डोकं आत आलं.

"रकाने वरनं खाली वाचायचे असतात. पेपर वाचत न्हाय काय कधी?" ती म्हणाली. मग तिनं मला ओळखलं. "तुम्ही? तुम्ही दुकानातले न्हवं?"

"न्हवं."

"मग त्या दिवशी व्हय का म्हणालासा?"

"तुम्ही इचारलासा म्हणून."

"म्हणजे चार पुडे कमी आणून माझे डोळे फोडलासा. दोन दिवस ते रकाने जुळवत बसलते मी. आणि वाचता पण येत न्हाय तुमाला."

"अक्षर बारीक हाय."

"अक्षर बारीक न्हाय, लक्ष बारीक हाय."

तिनं डोक्यातलं पेन काढलं. केस सुटले. माझ्या हातातला कागद मांडीवर घेऊन तिनं दोन रकान्यांच्या मधे रेघा ओढल्या, अकराच्या अकरा कागदांवर, दोन्ही बाजूंना. तेवढ्यानं भागेना म्हणून दुसरं स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली आणि ओळीखाली बोट ठेवलं.

"हितनं. खाली. आता हितं. समजलं?"

समजलं. खरं सांगायचं तर त्याच दिवशी समजलं. पण दुसऱ्या दिवशी ती परत आली, स्टूल ओढलं, बोट ठेवलं. मी नको म्हणालो नाही.

विंगेत एकच बल्ब होता. त्या उजेडात तिचं बोट एक एक ओळ खाली सरकायचं. नखाच्या कडेला शाई असायची, कधी निळी, कधी काळी. रकाना संपला की बोट उचलून वर जायचं आणि दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर टेकायचं. तेवढ्यात तिची बांगडी कागदावर वाजायची. मी युवराजला वाक्य सांगायचो, आणि मधेच कधी मुद्दाम रेघेच्या पलीकडं जायचो.

"कुठं चालला? परत या," ती हळूच म्हणायची.

मी परत यायचो.

असे पंधरा दिवस गेले. एक दिवस गुरुजींच्या बायको गुणाबाई तालमीला चहाची किटली घेऊन आल्या. माझ्या हातात कप देत म्हणाल्या, "पोरगी आता आठवडाभरच हाय हितं. रविवारी नाटक, सोमवारी निपाणीला जाणार. बुधवारी चिकोडीचा पोरगा बघाय येतोय. बँकेत हाय."

"बरं," मी म्हणालो.

"चहा सांडलास की रं."

सांडला होता. कागदावर नाही, पँटवर. ऋतिका बाजूलाच होती. तिनं कागद उचलून धरले होते. माझ्याकडं बघून म्हणाली, "नाटक वाचलं." आणि लगेच दुसरीकडं बघायला लागली.

त्या दिवसापासून माझं जेवणातलं लक्ष गेलं. तिला काही सांगावं तर काय सांगावं? लेथवर उभा राहून वाक्यं जुळवायचो. विंगेत आलो की एकही तोंडातून निघायचं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार... आठवडा तसाच सरकला. शनिवार आला.

शनिवारी दुपारी रंगीत तालीम होती. बाहेर वारा सुटला होता, हॉलमध्ये धूळ यायला लागली म्हणून खिडक्या लावून घेतल्या. बापाच्या मरणाचा प्रवेश सुरू झाला आणि करंट गेला.

विंगेत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. युवराज बोलता बोलता अडकला. गुरुजी खालून म्हणाले, "थांबू नका. यात्रेत पण करंट जाणार. चालू ठेवा."

मी पुढचं वाक्य सांगितलं. तो बोलला. परत अडकला, मी परत सांगितलं. असं पान-दीड पान झालं असेल. मग माझ्या लक्षात आलं की शेजारी ऋतिका हलत नाही, आणि तिचं बोट कागदावर नाही.

रवळूआप्पांचं मरतानाचं लांबलचक भाषण सुरू झालं. ते त्यांना पाठ असतं. म्हणजे मला आता काही काम नव्हतं.

"कागद दिसतोय तुमाला?" ती कुजबुजली.

"न्हाय."

"मग हे कुठनं सांगताय?"

मी कागद मांडीवर पालथा ठेवला.

"पाठ हाय तुमाला. आख्खं."

"व्हय."

"कधीपासनं?"

"दुसऱ्या आठवड्यापासनं."

"मग माझं बोट रोज कशाला ठेवून घेतलासा?"

"बघत होतो."

"काय?"

"बोट."

तिकडं रवळूआप्पा शेतीवाडी पोरांच्या नावावर करत होते. अंधारात तिची बांगडी वाजली. मला वाटलं उठून चालली. ती उठली नव्हती.

"मामांचे पाचही पुडे आलते दुकानातनं," ती म्हणाली. "तुम्ही एक दिलासा, त्याच्या तिसऱ्या दिवशी. कॉटखाली हायत."

मला कळायला वेळ लागला. "मग मोठ्या अक्षरांत परत का न्हाय काढलं? रकाने तरी गेले असते."

"कागद वाचवाय पायजे," ती म्हणाली.

असं म्हणून ती हसली. आवाज न करता, पण शेजारच्या माणसाला हसणं कळतं. मला धीर आला तो तिथं.

"बुधवारी चिकोडीचे येणार," ती म्हणाली.

"ठाऊक हाय."

"मग?"

त्याच वेळी रवळूआप्पांचं भाषण संपलं आणि हॉल एकदम शांत झाला. मला ते कळलं नाही. मी चांगला मोठ्यानं म्हणालो, "मग... मी मंगळवारी येऊ?"

विंगेतून आलं, ते युवराजनं उचललं. मरणाऱ्या बापाचा हात हातात घेऊन, गळा दाटून तो म्हणाला, "मग... मी मंगळवारी येऊ?"

मग रवळूआप्पांचा आवाज आला, "मंगळवारपतूर मी ऱ्हात न्हाय रं बाबा."

हॉल नुसता फुटला. त्या गोंधळात गुरुजींचा आवाज, "हे वाक्य माझं न्हाय. कुणाचं हाय हे?" आणि बॅटरीचा झोत विंगेकडं वळला. तो पोचायच्या आत ऋतिका माझ्या कानाशी म्हणाली, "मला काय इचारता, निपाणीला आमच्या आप्पांना इचारा. सकाळच्या गाडीनं या."

रविवारचं नाटक चांगलं झालं. युवराजनं एकही चूक केली नाही असं लोक म्हणतात. मला फार आठवत नाही. सोमवारी ऋतिका गेली, आणि संध्याकाळी गुरुजी आमच्या दारात आले.

"उद्या सुट्टी टाक," ते म्हणाले. "मी पण येतो. तुझ्या एकट्याच्यानं व्हायचं न्हाय."

बसमध्ये त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. "माझा मेव्हणा कमी बोलतो. चहा देऊन गप्प बसला तर उठायचं. जेवा म्हणाला तर समजायचं. मधलं काय न्हाय त्याच्याकडं."

ऋतिकाचे आप्पा तंबाखूच्या वखारीत कारकून होते. कपड्यांना वास येत होता, तंबाखूचा. त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"चिकोडीचा बँकेत हाय," ते म्हणाले. "तुम्ही?"

"मच्छेला. लेथवर."

"पक्की नोकरी?"

"चार वर्षं झाली."

"नाटकात असता म्हणे."

"विंगेत असतो. प्रॉम्प्टिंग."

"म्हणजे लोकांना दिसत न्हाय."

"न्हाय."

त्यांनी पंख्याकडं बघितलं. "पोरीला इचारलासा?"

"इचारलं."

"काय म्हणाली?"

"तुमाला इचारा म्हणाली."

"हं."

एवढंच. गुरुजींनी माझ्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन मलाही नवीन होत्या. आप्पा ऐकत होते. मग चहा आला. ऋतिकाच्या आईनं आणून ठेवला. ऋतिका दिसली नाही. चहा प्यालो. आप्पा गप्प. कप खाली ठेवला. तरी आप्पा गप्प.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आणि उठले. मीही उठलो. आप्पा दारापर्यंत आले, पण थांबा म्हणाले नाहीत. गाडीची वेळ गुरुजींनीच विचारली, उगीच काहीतरी बोलायचं म्हणून. मी उंबऱ्याबाहेर वाकून एका पायात चप्पल घातली. दुसरी सापडेना. डोळ्यांपुढं नीट दिसत नव्हतं.

तेवढ्यात आतून ऋतिकाचा आवाज आला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा.

"आई, भात कितीजणांचा घातलीस?"

आई थोडं थांबली. "पाचजणांचा."

घरात माणसं तीन. आप्पांनी आत बघितलं. गुरुजींकडं बघितलं. माझ्या एका चपलेकडं बघितलं. खूप वेळ गेला असं मला वाटतं. दोन मिनिटंही नसतील गेली.

"मग काय," आप्पा म्हणाले, "बसा. हात धुवा."

लग्नानंतर मी तिला कितीदा विचारलं असेल, त्या दिवशी भात खरंच पाचजणांचा होता काय, की ओरडल्यावर परत तांदूळ धुतलीस. ती असेपर्यंत तिनं ते मला सांगितलं नाही.