नाही म्हणायची मोकळीक

लंडनमधल्या हॅरोच्या कम्युनिटी हॉलचं दार ढकलून कस्तुरी तालमीसाठी आत आली आणि ओली छत्री हातात तशीच धरून थबकली. स्टेजवर घोंगडं पांघरून जो रानटी सरदार उभा होता, तो ते काम करणारा संजय नव्हताच. तो अवधूत होता... तिच्या क्लिनिकचा मालक!

"संजयची कंबर धरली," तो ओशाळून म्हणाला. "सकाळी माझ्याकडेच ट्रीटमेंटला आला होता. म्हणाला, तूच उभा राहा माझ्या जागी. तुम्हाला चालेल ना?"

"चालेल की, सर," कस्तुरी म्हणाली. पण छत्री मिटायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

दोन वर्षांपूर्वी ती सांगलीहून फिजिओथेरपिस्ट म्हणून आली, ती अवधूतच्या क्लिनिकमध्येच. तिचा व्हिसाही त्याच नोकरीवर होता. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी तिनं एकांकिका लिहिली होती. रोमन लोक ब्रिटनवर राज्य करत होते तेव्हाची गोष्ट. फ्लाविया ही रोमन अधिकाऱ्याची मुलगी. उत्तरेकडच्या रानटी टोळीचा सरदार ब्रान तिला पकडून नेतो, हिवाळाभर कैदेत ठेवतो, आणि बर्फ वितळेपर्यंत ती त्याच्या प्रेमात पडते. फ्लाविया कस्तुरीच करणार होती.

अवधूतनं संवाद पटकन पाठ केले. पण तिचे हात बांधायची वेळ आली की तो दोरी इतकी सैल बांधायचा, की ती आपोआप गळून पडायची.

"सर, मी कैदी आहे. घट्ट बांधा ना!"

"फिजिओला मनगट आवळायला सांगताय?"

सगळे हसले. कस्तुरीही हसली. मग त्याच्याकडे बघितलं, तर तो हसत नव्हता. तो तिच्या मनगटाकडे बघत होता.

शेवटच्या प्रवेशात ब्राननं तिला जवळ ओढून म्हणायचं होतं, 'तू माझी आहेस.' आणि फ्लावियानं त्याच्या छातीवर डोकं टेकायचं होतं. दोनदा तो तिथेच अडला. तिसऱ्या वेळी त्यानं हातातला कागद खाली ठेवला.

"मला नाही जमणार हे."

"एक वाक्य तर आहे, सर."

"तो तिला विचारतच नाही, कस्तुरी. आणि विचारलं, तरी ती जाणार कुठे? बाहेर बर्फ, दारावर त्याचेच पहारेकरी. तिचं 'हो' मनापासूनचं की भीतीचं, हे त्याला कळणार कसं?"

कस्तुरीला ते झोंबलं. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये बसून महिनाभर लिहिलं होतं तिनं ते. तालीम संपल्यावर दोघं स्टेशनकडे निघाले. पाऊस भुरभुरत होता. छत्री त्यानं तिच्यावर धरली होती, त्याचा स्वतःचा खांदा भिजत होता.

"मघाशी तुम्ही ब्रानबद्दलच बोलत होतात ना?" तिनं विचारलं.

रस्ता ओलांडायच्या सिग्नलवरचा माणूस हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. दोघंही हलले नाहीत.

"तुमचा व्हिसा माझ्या सहीवर आहे," तो अखेर म्हणाला. "मी काही विचारलं, तर 'नाही' म्हणणं तुम्हाला परवडेल?"

नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. हे कस्तुरीला पाठ होतं. त्यालाही.

"म्हणून मी विचारत नाहीये," तो म्हणाला. छत्री तिच्या हातात देऊन तो भिजत निघून गेला.

दोन दिवस ती धुमसत होती. आपल्या वतीनं यानं परस्पर कसं ठरवलं! पण मग त्या प्रश्नाचं उत्तर तिनं स्वतःलाच द्यायचा प्रयत्न केला, आणि ते येईना. तेव्हा तिचा राग ओसरला. तिनं शेवट बदलला. आता ब्रान फ्लावियाला रोमन सीमेवरच्या भिंतीपाशी आणून सोडतो, घोड्याचा लगाम तिच्या हाती देतो, 'जा' म्हणतो आणि पाठ फिरवतो.

दिवाळीला अवधूतनं तो 'जा' असा म्हटला, की हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. विंगेत मंडळाच्या सुप्रभाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "शेवट गोड करायचास की गं!"

पुढच्याच आठवड्यात कस्तुरीनं साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये अर्ज केला. रेफरन्स अवधूतनंच लिहिला, आणि भरभरून लिहिला. तिच्या शेवटच्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "सांभाळून राहा." मग कुणीच फोन केला नाही. त्यानंही नाही, तिनंही नाही. नवा व्हिसा आला. प्रोबेशन संपलं. जुलैमधल्या एका शनिवारी तिनं हॅरो गाठलं.

दुपार झाली होती. अवधूत क्लिनिक बंद करायच्या तयारीत टॉवेलच्या घड्या घालत होता.

"कस्तुरी?" तो गडबडला. "काही दुखतंय का?"

"नाही." ती दारातच उभी राहिली. "आता तुम्ही माझे कुणीच नाही. माझा पगार तुम्ही देत नाही, माझ्या कागदांवर तुमची सही नाही. म्हणून आलेय. तेव्हा विचारलं नव्हतं, ते आता विचारा."

टॉवेल त्याच्या हातातच राहिला.

"मला तुम्ही आवडता," तो हळू म्हणाला. "फार. माझ्याशी लग्न कराल?"

"नाही," कस्तुरी म्हणाली.

त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बरं," तो म्हणाला. "स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. इतक्या लांबून आलात... चहा तरी घेऊन जा."

का म्हणून त्यानं विचारलं नाही, गळ घातली नाही. पाठ फिरवून केटलमध्ये पाणी भरलं. भरताना थोडं बाहेर सांडलं.

त्या पाठीकडे बघताबघता कस्तुरीचे डोळे भरून आले.

"म्हणता येतं का, ते बघत होते," ती म्हणाली. "आलं म्हणता. आता पुन्हा विचारा."

तो सावकाश वळला. "आणि पुन्हा 'नाही' म्हणालात तर?"

"तर चहा पिऊन जाईन."

त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी त्याचा आवाज मध्येच फाटला, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच ती 'हो' म्हणाली.