दोरीचं दुसरं टोक

या पेजवर भुतांचे बहुतेक अनुभव रात्रीचे असतात. माझा भर दुपारचा आहे. आणि खरा आहे. पटला नाही तर सोडून द्या, पण बनवलेला म्हणू नका. बनवायचाच असता, तर मी स्वतःला त्यात जरा बरं दाखवलं असतं.

आमचं दुकान मोटरसायकलच्या वाकलेल्या फ्रेम सरळ करण्याचं. पुढे दुकान, मागे घर. मधल्या दाराला जाड पडदा आहे, वेल्डिंगचा उजेड घरात येऊ नये म्हणून. आमचे हे कामात वस्ताद आणि बोलण्यातही वस्ताद. गाडीची कितीही वाट लागलेली असो, यांचं पालुपद एकच.

"नवी फ्रेम कशाला? मी बसलोय ना!"

फ्रेम सरळ झाली की नाही, हे आम्ही दोरीने बघतो. मागच्या चाकाला दोरी बांधायची आणि पुढे ताणायची. पुढच्या चाकापासून दोन्ही बाजूंना दोरीचं अंतर सारखं आलं, की फ्रेम सरळ. हे मागे बसून नजर लावतात. दोरीचं दुसरं टोक पडद्याखालून आत येतं, आमच्या बोळात. तिथे स्टुलावर मी. लग्न झाल्यापासून ते टोक माझ्या हातात.

बाहेरून आवाज येतो, "धर." मी धरते.

"सोड." मी सोडते.

आमच्या अख्ख्या संसारात मी यांचं निमूट ऐकते ती जागा एवढीच.

गेल्या वर्षी एक लिफ्ट दुरुस्त करणारा आला होता. हसरा माणूस, हाताला लिफ्टच्या दोरांचं काळं वंगण आणि सतत काहीतरी चाळा. टेम्पोने ठोकल्यामुळे त्याची फ्रेम हँडलच्या मानेपाशी वाकली होती.

"दादा, हीच सरळ करायची की नवी टाकायची? खरं सांगा."

यांनी नेहमीचंच सांगितलं, मी बसलोय ना. काम झालं, मी दोरी धरली. तो पडद्याच्या पलीकडे उभा होता. त्याने ताणलेल्या दोरीला सहज टिचकी मारली.

टण्ण...

"वहिनी, दोरी एका बाजूला खेचताय का? लिफ्टचे दोर बघून बघून डोळ्याला सवय झालीय, म्हणून विचारलं."

"आता आम्हालाच शिकवा," हे म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

काही महिन्यांनी कळलं... तो गेला. वळणावर गाडी घसरली म्हणे. रस्ता ओला होता म्हणे.

मी हळहळले, आणि कामाला लागले.

मग एक दिवस त्याची बायको आली. तीच गाडी घेऊन. फ्रेम पुन्हा वाकलेली, त्याच जागी. ती आता स्वतः गाडी शिकली होती. सकाळी मुलीला पुढे टाकीवर बसवून पाळणाघरात सोडायचं आणि तसंच कामावर जायचं, असं तिने ठरवलं होतं.

"सगळे म्हणतात नवी फ्रेम टाक," ती म्हणाली. "पण आमच्या यांचा तुमच्यावर फार विश्वास होता. तुम्ही म्हणाल तसं."

"मी बसलोय ना!"

मी पडद्याआडून ऐकत होते. मला हायसं वाटलं. नवी टाकायला सांगणं म्हणजे आपलं पहिलं काम फसलं असं तिच्या तोंडावर कबूल करण्यासारखं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते हे. तिची मुलगी डोक्यात नाही आली.

पुढे दोन-तीन दिवस ठोकाठोक चालली. त्या दुपारी वीज गेली होती. सगळी गल्ली चिडीचूप. मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तर हे कपाळाला आठ्या घालून उभे.

"अगं, लक्ष कुठे होतं तुझं? बोटभर फरक दाखवलास."

"मी? मी आत्ता गच्चीवरून येतेय."

"पुरे झाली थट्टा. धर म्हटलं, धरलीस. सोड म्हटलं, सोडलीस."

रिकामी बादली माझ्या हातातच होती.

यांनी ती बघितली.

मी बोळात गेले. स्टूल रिकामं. दोरीचं टोक जमिनीवर पडलेलं... आणि त्याला काळंकुट्ट, घट्ट वंगण लागलेलं. तसलं वंगण आमच्या दुकानात कुणी वापरत नाही.

मी ते पदराला पुसलं आणि दोरी धरली.

"आता बघा."

"आता बरोबर. मघाशी कुठेतरी अडकली असेल," हे म्हणाले. त्यांना तेच हवं होतं. मलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगाआधी शेवटचं बघायचं होतं. मी स्टुलावर बसले.

"धर."

धरली.

बाहेर हे श्वास रोखून नजर लावत होते. आत कसलाच आवाज नव्हता. नळाचं टिपटिप गळणंसुद्धा थांबलेलं...

टण्ण...

दोरी माझ्या बोटांत थरथरली. हे तर मागच्या चाकापाशी होते. मधे कुणीच नव्हतं.

मग दोरी हलली.

ओढली नाही कुणी. हिसकली नाही. लहान मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं, तशी हळूच... बोटभर दुसऱ्या बाजूला सरकली. आणि तिथेच राहिली.

"अगं, वाकडी दाखवतेय!" बाहेरून आवाज आला. "हलू नकोस."

मी खाली बघितलं. माझं कोपर गुडघ्यावर टेकलेलं होतं. खांदा दुखायला लागल्यापासून मी तसंच टेकवते. कोपर टेकलं की हात एका बाजूला येतो. बोटभर.

वर्षभर मी दोरी अशीच धरत होते.

त्या क्षणी सगळं कळलं मला. त्याची फ्रेमही मी अशीच दोरी धरून सरळ ठरवली होती. ओरडायला हवं होतं. निदान "थांबा, मी चुकले" एवढं तरी म्हणायला हवं होतं.

मी काय केलं?

मी डोळे मिटले... आणि जोर लावून दोरी पुन्हा होती तिथे ओढली.

पलीकडून विरोध झाला नाही. जो कुणी होता, त्याने सोडून दिली.

"हां! आता सरळ," हे म्हणाले.

आजही ते आठवलं की मला स्वतःची किळस येते. भुताने हात धरून चूक दाखवली आणि मी ती भुतापासूनही लपवली.

रंग वाळल्यावर ती गाडी न्यायला आली. मुलीला टाकीवर बसवलं. पोरगी हँडल धरून "भुर्र, भुर्र" करायला लागली. यांनी सीटवर थाप मारली. "एकदम सरळ. बिनधास्त चालवा."

माझ्याने राहवेना. मी पडदा सारून बाहेर आले.

"ही फ्रेम नेऊ नका. नवी टाका."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, मी सरळ म्हणतोय ना!"

"माझ्या मनाला पटत नाही. लहान मूल पुढे बसणार आहे."

मी एवढंच म्हणाले. खांद्याचं नाही सांगितलं. वर्षभराचं नाही सांगितलं. त्याचं तर नाहीच.

गिऱ्हाइकासमोर यांचा चेहरा उतरला. ते आत निघून गेले. आणि तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"इतका विचार आज कोण करतं, वहिनी? तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं."

मला तिथल्या तिथे गाडून घ्यावंसं वाटलं.

तिने नवी फ्रेम टाकली. गाडी छान चालते, असं निरोपात कळवलं. हे काही दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, मग राग विरला. बाकीच्या गाड्यांचं काय, ते मला ठाऊक नाही. रस्त्याने कुणी मोटरसायकलवरून गेलं, की ती एका बाजूला ओढते का, ते मी खिडकीतून बघत बसते.

आणि दोरी...

मी आता कोपर न टेकता धरायची, असं पक्कं ठरवलं होतं. पण माझ्यावर वेळच येत नाही. बाहेरून "धर" ऐकू येतं आणि मी उठायच्या आत दोरी ताणली गेलेली असते. एकदाच डोकावून बघितलं. स्टूल रिकामं होतं. दोरी हवेत ताठ ताणलेली होती... जराही न थरथरता.

पुन्हा बघायची हिंमत झाली नाही. यांना सांगायचीही नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

आत्ता हे लिहितेय, तेव्हाही मी स्वयंपाकघरात आहे. दुकानात कुणाची तरी गाडी आलीय. नुकताच यांचा आवाज आला.

"धर."

मी जागची हलले नाही.

"हां... बरोबर. सोड."

आणि मग, अगदी कौतुकाने...

"हात काय स्थिर झालाय गं तुझा हल्ली!"

मी इथूनच "हो" म्हणाले.