उजळणीपट्टी

पोळ्या लाटता लाटता प्रणालीनं कानामागची पट्टी चाचपली आणि ओट्यावर टेकवलेल्या पुस्तिकेचं पान उलटलं. लाल काठाचा उलटा त्रिकोण. "रस्ता द्या," ती पुटपुटली आणि लगेच चित्र डोळ्यांसमोर आणलं. घरातला अरुंद बोळ, भिंतीला पाठ लावून गरम पातेलं धरून उभी असलेली आपण, आणि समोरून पर्स झुलवत निघालेली गार्गी. झालं पाठ! आता जन्मात विसरायची नाही.

गार्गी म्हणजे तिची धाकटी जाऊ. प्रणालीनंतर बारा वर्षांनी घरात आली आणि आल्या दिवसापासून सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाली. प्रणालीनं केलेली भाजी नुसती खाल्ली जायची. गार्गीनं नुसता चहा टाकला तरी कौतुक.

कराडच्या रस्त्यांवर आता बहुतेक गाड्या आपल्या आपण चालत. माणसानं हाती चाक धरायचं तर खास परवाना लागे, आणि तोही घरटी एकच. या घरचा परवाना प्रणालीच्या नवऱ्याकडं होता. काचबिंदूनं त्याची नजर अधू झाली आणि तो जमा करावा लागला. आता रस्त्यावरच्या खुणांच्या लेखी परीक्षेला दोघी जावा बसणार होत्या. जिला गुण जास्त, परवाना तिचा.

प्रणालीला तो आईसाठी हवा होता. माहेरच्या डोंगरात संकेत-मनोरे नव्हते, त्यामुळे आपोआप चालणाऱ्या गाड्या पायथ्यालाच थांबत. वर वाडीत खुब्याचं हाड मोडलेली आई एकटी पडून होती आणि एसटी आठवड्यातून एकदा जायची. गार्गीला परवाना बँकेतल्या बढतीसाठी हवा होता. त्या जागेवर वाड्यावस्त्या फिराव्या लागणार होत्या.

"तिच्या नोकरीचा प्रश्न आहे गं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "तुला काय, माहेरीच तर जायचंय!"

माहेरीच तर! प्रणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दुपारी तिनं उजळणीपट्टी विकत आणली.

पट्टीचं काम साधं होतं. अभ्यास करताना मेंदूतले कुठले धागे जागे होतात ते ती टिपून ठेवी, आणि माणूस झोपला की तेच धागे पुन्हा हलकेच छेडी. सकाळी सगळं पक्कं. 'एकाची पट्टी दुसऱ्याने वापरू नये,' असं डब्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं. ते कोण वाचतंय!

प्रणालीला कोरडं पाठांतर कधी जमलं नाही. शाळेत असताना सनावळ्यासुद्धा ती मावश्या-आत्यांना चिकटवून लक्षात ठेवायची. आता तर एकच माणूस पुरलं. निसरडा रस्ता म्हणजे गार्गीची साखरेत घोळलेली जीभ. हॉर्न वाजवू नका म्हणजे तिचं फोनवरचं खिदळणं. पुढे जाण्यास मनाई म्हणजे तर साक्षात तीच, मागून आली आणि पुढं जाऊन बसली ती बया. तीन महिन्यांत ऐंशी खुणा झाल्या, ऐंशीच्या ऐंशी गार्गीच्या नावानं. तिकडं गार्गीनं पुस्तिका उघडलीही नव्हती.

परीक्षेच्या सकाळी फ्रीजवरच्या वाटीत पट्टी नव्हती. ती गार्गीच्या कानामागं होती.

"काल मीच दिली तिला," सासूबाई म्हणाल्या. "तुझं झालंय ना पाठ? घरातली वस्तू, घरातच वापरली."

आयत्या बिळावर नागोबा! ओरडायला तोंड उघडलं आणि प्रणालीला त्या ऐंशी खुणा आठवल्या. प्रत्येकीला गार्गी चिकटवलेली! गार्गी टेबलाशी मान खाली घालून बसली होती. समोरच्या चहावर साय धरली होती.

परिवहन कार्यालयात दोघींना शेजारशेजारचे पडदे मिळाले. वीस खुणा, वीस उत्तरं. गार्गीचं बोट झरझर चाललं होतं. प्रणाली एका डोळ्यानं आपला पडदा बघत होती, दुसऱ्यानं तिचा. सात, आठ, नऊ, सगळी बरोबर. हिचं नशीबच फळफळलेलं, माझ्याच डोक्यावर पास होणार ही! अकराव्याला मात्र गार्गीचं बोट थांबलं. पडद्यावर उलटा त्रिकोण होता. ती उठली आणि तोंडावर ओढणी दाबून बाहेर गेली.

प्रणालीला अठरा गुण मिळाले. परवाना तिचा झाला. पण आनंद होईना, आणि याचाही तिला रागच आला.

बाहेर बाकावर गार्गी बसली होती.

"खूण दिसली की उत्तर आठवायचं, वहिनी," ती म्हणाली. "आणि उत्तराबरोबर मी दिसायचे. शी! मला माझाच राग येतोय. तुमचा येत नाही, हीच गंमत. त्या बोळात तुमचे हात भाजतायत, आणि मी तुमच्याकडं बघतसुद्धा नाहीये."

"पुसता येत असेल की," प्रणाली कशीबशी म्हणाली.

"सेवाकेंद्राला विचारलं मी. पक्कं झालेलं पुसता येत नाही म्हणे." गार्गीनं डोळे कोरडे केले आणि पट्टी काढून पुढं धरली. "मीही हिच्यात भरून देते, वहिनी. या घरातली माझी आठ वर्षं. एकदा तुम्ही माझ्या डोळ्यांनी बघा. लावाल?"

प्रणालीचा हात पुढं झाला आणि मध्येच थांबला. काय असेल त्यात? राग असेल, कीव असेल, आपल्याला हसणंही असेल. तेवढं तिनं सोसलं असतं. पण जिच्या नावानं तिनं तीन महिने ऐंशी खुणा उराशी धरल्या, तिच्या आठ वर्षांत आपण कुठं नसलोच तर?