विहिरीत माणसं : १

लोकांच्या कामात खोड काढणं हाच माझा धंदा. बारामतीतल्या एका छोट्या कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. आमच्या ॲपवरून विहिरीवरची मोटार मोबाइलने सुरू होते. मात्र आत कुणी उतरल्याची नोंद असेल, तर ती सुरू होता कामा नये. तेव्हा स्क्रीनवरचं बटण दबत नाही. ॲपचा कोड लिहिणारा सार्थक त्यावरच खूश. मी नाही. बटण नुसता देखावा. त्याला वळसा घालून थेट सर्व्हरला हुकूम सोडायचा, मग आतला नियम पक्का की कच्चा ते कळतं. एपीआय टेस्टिंग म्हणतात त्याला. इथं चूक झाली तर माणूस जातो.

चार वाजता पहिली चाचणी निरवांगीला, आमच्याच विहिरीवर होती. आबांनी, माझ्या वडिलांनी, हौसेनं होकार दिला होता.

तीनला मी टेस्ट सर्व्हरवर आमच्या विहिरीची नोंद घातली. आत माणसं शून्य. हा सर्व्हर खऱ्या मोटारीला जोडलेलाच नाही. मी घालीन तेवढंच त्याला माहीत. मोटार सुरू करायचा हुकूम सोडला.

उत्तर आलं : नकार. विहिरीत माणसं : १.

सार्थकला म्हटलं, घातलास ना घोळ. त्यानं हसत कोड तपासला, नोंद पुसली, नव्यानं भरली. शून्यच होतं. उत्तर तेच. मग दुसऱ्या गावच्या विहिरी लावून पाहिल्या. काटेवाडी : मोटार सुरू. लासुर्णे : मोटार सुरू. निरवांगी : नकार. सार्थक हसायचा थांबला.

मी आबांना फोन लावला. विहिरीत कुणी उतरलंय का, विचारलं.

"न्हाय. मी वरच हाय, रोहिणी."

प्रत्येक शब्द मागून घुमत परत येत होता, रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा. आणि आबा मला जन्मात कधी रोहिणी म्हणाले नाहीत. रोहे म्हणतात. मी घाबरले, सरळ सांगते.

आईच्या फोनवर लावला. आबा कुठं आहेत?

"हितंच च्या पीत हुते की," आई म्हणाली. "फोन इहिरीवर राहिलाय म्हणाले. आत्ताच आणायला गेले."

"आई, पळ. थांबव त्यांना."

ती हाका मारत पळत असल्याचं ऐकू येत राहिलं. हाकेला ओ येईना.

सार्थकनं पुन्हा हुकूम सोडला.

नकार. विहिरीत माणसं : २.