जाफन्याचा मुलगा

गुंजीच्या फलाटावरून गाडी सुटली आणि निरोशन खालीच राहिला... हातात आमच्या पाटीतल्या करवंदांचा द्रोण!

"गाडी गेली की ओ!" माझी पुतणी माधवी हसली.

"करवंदं तर मिळाली," तो म्हणाला. "पुढची गाडी कधी?"

"संध्याकाळी."

"तुम्ही थांबणार?"

"मी कशाला? माझं घर हितंच हाय," म्हणाली खरी, पण उठली नाही. मी शेजारीच होते. तिनं पदराशी चाळा करत तिकडं चोरून पाहिलं आणि मला माझे कोवळे दिवस आठवले.

बेळगावात डॉक्टरकी शिकणारा तो. मराठी बोली दवाखान्याच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांकडून उचललेली. दोन वर्षं दोघं भेटत राहिली. मग एका रविवारी तो लग्नाचं विचारायला घरी आला. माझा दीर परशराम त्याच्याशी भातशेतीवर रंगून बोलला.

"तुमचं गाव कुठलं?"

"श्रीलंकेत... जाफना."

परशरामनं कप खाली ठेवला. सत्त्याऐंशी साली माझे मालक शांतिसेनेच्या पलटणीबरोबर तिथंच लढायला गेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरी फक्त ट्रंक आली.

"माझे मामाही त्याच लढाईत..." निरोशन हळू म्हणाला. "तांदूळ आणायला बाहेर पडले होते. गोळी कुणाची, कळलं नाही."

परशराम लेकीकडं वळला. "मोठ्या आईचं कपाळ बघ. त्यांच्या देखत ह्याला जावई म्हणू व्हय?"

"भावजी, माझी हरकत न्हाय," मी म्हणाले. "पोरगं तवा जन्मलंबी नव्हतं."

"वैनी, तुम्ही मधी पडू नका. माझा अण्णा गेलाय तिकडं!"

निरोशननं आईला फोन लावला. तिकडूनही तेच. शिकायला पाठवलं होतं, त्या देशात सोयरीक करायला नाही. माऊली रडत होती. माझ्यासारखंच तिचंही माणूस गेलेलं.

परीक्षा संपली आणि तो गेला. माझ्या दुःखाचा मान राखला म्हणे सगळ्यांनी. मला कुणी विचारलं नाही.

माधवी काल घरामागच्या परड्यात माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या सुपातल्या शेंगा चाळवत राहिली.

"मोठी आई... असे दिवस सरतात का गं?"

"सरतात."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, अजून काही सांगीन म्हणून. मी शेंगा सोलत राहिले.