डाव्या चाकाची आतली कड

दुपारच्या सामसुमीत घरात स्टीलचा पेला फरशीवर पडला, घरंगळला आणि थांबला. मी ट्रेलरमधल्या बाकावर बसले होते. माझी लेक खेमा जागी झाली होती. तरी मी लगेच उठले नाही.

ट्रेलर म्हणजे प्रशिकनं, माझ्या नवऱ्यानं, स्वतः बांधलेली दोन चाकांवरची खोली. आत उजवीकडे ओटा, डावीकडे बाक, खिडकीला मी शिवलेला पडदा. पर्यटक भाड्यानं घेतात. प्रशिक जीपमागे जोडून पेंचच्या जंगलाकडे नेऊन ठेवतो, मुक्काम संपला की परत आणतो. एरवी ट्रेलर हुडकेश्वरच्या आमच्या प्लॉटवर, घराच्या खिडकीसमोर उभा असतो. प्रवासात मी त्यात कधी बसले नाही. पण प्रशिक कामावर गेला की चार वर्षांच्या लेकीला कूलरसमोर निजवून मी तिथं जायचे. काही करायचे नाही. कुणाचीच कुणी नसल्यासारखी नुसती बसायचे. कधी खेमा हाक मारायची, "आई वं," आणि मी अजून थोडं, अजून थोडं करत राहायचे. मग घरात जाऊन तिला पोटाशी धरायचे, तिच्या घामेजल्या केसांचा वास घ्यायचे, आणि मान वर करून बघायची लाज वाटायची.

त्या संध्याकाळी प्रशिक डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता.

"माया, हात फिरव बरं इथून."

बाहेरच्या कडेवर नव्या रबराचे केस अजून तसेच होते. आतली कड ताटासारखी गुळगुळीत.

"नवाच टायर आहे वं हा. अन् उजवा पाहा, जसाच्या तसा."

त्यानं हवा तपासली, दोन्हीकडे सारखी. जॅक लावून चाक हलवून पाहिलं. कुठं ढिलेपणा नाही. आसाला सुतळी लावली, सरळ. जॅक काढला तसं चाक वरच्या बाजूनं आत झुकलं.

"इकडे काहीतरी जड आहे," तो म्हणाला, आणि सिलिंडर, पाण्याची टाकी उजवीकडे हलवली. पुढच्या फेरीनंतर आतली कड आणखी झिजून आली.

उभ्या गाडीत बसल्यानं टायर घासत नाही, एवढं मलाही कळत होतं. म्हणून मी बोलले नाही. खरं म्हणजे, म्हणून नाही.

रविवारी एक कुटुंब दोन पोरांना घेऊन निघणार होतं. "हायवेवर फुटला तं ट्रेलर जीपले घेऊनच उलटन," प्रशिक म्हणाला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गाड्या तोलायच्या धरमकाट्यावर गेलो. काटा चालवणारा दुर्गेश प्रशिकच्या शाळेतला. ट्रेलर पार रिकामा केला, गादीसुद्धा काढली. एका वेळी एकच चाक काट्यावर घेतलं. आधी उजवं, मग डावं.

डावं कितीतरी जड भरलं.

"वहिनीले आत बसवून आणलं का बे?" दुर्गेश केबिनच्या खिडकीतून ओरडला. मग मी दिसले, खेमाला कडेवर घेऊन उभी. "अरे, वहिनी तं इथंच हायेत!"

तो हसला. माझे कान तापले.

"माझंच वेल्डिंग चुकलं असन," प्रशिक पुटपुटला. "उगाच लोकाईच्या लेकरायले यात पाठवून राहिलो मी."

ते मला ऐकवेना. "मी बसते तिथं," मी म्हणाले. "रोज दुपारी. खेमाले घरात एकटी ठेवून."

त्यानं चाकावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"सांगाचं होतं ना वं. मी काय नाही म्हटलं असतं?"

रागावला असता तर बरं झालं असतं.

"पण आत्ता तं तू खाली आहेस," तो सावकाश म्हणाला. त्यानं खेमाला माझ्याकडून घेतलं. "बस बरं एकदा आत. किती फरक पडते, पाहू."

मी पायरीवर पाय ठेवला. एरवी स्प्रिंग करकरते. करकरली नाही.

गादी काढलेली होती. खाली उघडी फळी. मे महिना, सगळंच तापलेलं. पण बाकाची बाकीची फळी चटका देत होती आणि माझी जागा फक्त कोमट होती. अंगासारखी.

मी बसले.



"वहिनी, बसल्या का?" दुर्गेशनं विचारलं.

"बसले."

"काटा तं हाललाच नाही."

प्रशिकनं रविवारचं भाडं रद्द केलं. ट्रेलर परत जागेवर उभा केला आणि कुलूप लावलं. माझ्याकडची किल्लीही मी स्वतःहून त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दुपारी मी खेमाजवळ चटईवर आडवी झाले. तिचा हात माझ्या गळ्यात. बऱ्याच दिवसांनी मला तिच्याशेजारी झोप लागत होती. तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला.

बाहेर स्प्रिंग करकरली. एकदाच. पायरीवर पाय ठेवला की करकरते तशी.

मी डोळे उघडले. खेमा खिडकीचे गज धरून उभी होती. बाहेर ट्रेलर किंचित डावीकडे कलला होता. पडदा सरकवलेला.

"आई, ये ना वं," ती तिकडे बघून म्हणाली.

"मी इथं आहे, बाळा."

ती वळली. माझ्याजवळ येऊन बसली. माझा गाल, कान, केस हळूहळू चाचपले, ओळखीच्या घरी आलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं. मग अगदी शहाण्यासारखं, मला वाईट वाटू नये अशा बेतानं विचारलं,

"मग माझी आई कधी उतरते?"