कॉफी खाली ठेवणारा पाहुणा

हसू नका रे. मिस्लेहकाका माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. थापा मारणारा माणूस नव्हता तो.

बकरी ईदच्या तिसऱ्या रात्रीची गोष्ट. काकाची बकरी चुकली होती. ती द्वाड हमखास वरच्या रोमन अवशेषांत जाऊन बसायची, म्हणून रात्रीची नमाज उरकून काका बॅटरी घेऊन निघाला. बकरी सापडली. पण पडक्या खांबाशी एक माणूस उभा होता, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. सीरियाच्या सीमेवरचं आपलं गाव, यार्मूक नदी ओलांडून कुणी ना कुणी यायचंच. नाव-गाव न विचारता काका त्याला घरी घेऊन आला.

काकाच्या जिवाला एकच घोर होता. त्याचा पोरगा राकान मावशीला आणायला यार्मूक ओलांडून सीरियात गेला, तो गेलाच. वर्षं लोटली. सून वस्फा ना धड नांदती, ना धड विधवा. गावकरी म्हणाले, आता मेला समजून जनाज्याची नमाज पढून टाकू. काकानं त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं. पोरगा जिता आहे म्हणाला. फिद्दाकाकू आतल्या आत रडायची.

तर पाहुणा गादीवर बसला. काकानं कडू कॉफी ओतली. त्यानं पेला घेतला आणि जमिनीवर ठेवला. कॉफी प्यायला नाही. म्हणजे काहीतरी मागायला आलेला. अशा वेळी मागणं ऐकायच्या आधीच हो म्हणायचं, ही आपली रीत. काकाला वाटलं, मागून मागून काय मागेल, रात्रीचा आसरा.

"पी भाऊ. मागशील ते दिलं."

पाहुण्यानं पेल्याला हात लावला नाही.

"दिलं म्हटलं ना. बोल."

"बाबा... माझी नमाज पढा. वस्फाला मोकळं करा."

आवाज राकानचा.

काकाला हात पुढं करायचा होता. हात उठेना.

"राकान... रुमाल काढ. एकदा बघू दे."

"नको, बाबा."

त्यानं पेला उचलला. कॉफी प्यायला. दिवे गेले... आले, तेव्हा समोर कुणी नव्हतं.

शब्द दिलेला होता. दुसऱ्याच दिवशी नमाज झाली. काका पहिल्या रांगेत ढसाढसा रडला, आम्हाला बघवेना. वस्फाचं पुढं दुसरं लग्न झालं, सुखात आहे.

तो बसला होता ती गादी मात्र चिंब भिजलेली होती. आपल्याकडचं हे ऊन, दगड फोडणारं... पण ती वाळलीच नाही. काकाही गेला, गादी अजून ओलीच. फिद्दाकाकू रोज ती गच्चीवर उन्हात टाकते, आणि अंधार पडायच्या आत स्वतः उचलून घरात आणते.

म्हणते, त्याला थंडी वाजेल.